थोरल्या साडूंची कॅसेट

साडू हे नातं माणूस स्वतःहून निवडत नाही. तो बायको निवडतो, निदान आपण निवडली अशी त्याची समजूत असते, आणि तिच्या पाठोपाठ हा एक गृहस्थ कायमचा गळ्यात पडतो. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे इकडे कोणी शिंकलं तर तिकडून चौकशी येते. अशा वेळी दोन साडूंनी एकमेकांना अदबीने ‘साडूबुवा’ म्हणावं, काही सांगायचं असेल तर बायकांमार्फत सांगावं आणि मनातल्या मनात तुलना करत राहावं, हाच शहाण्यांचा मार्ग.

आपले धाकटे साडू या मार्गावरून कधी ढळले नव्हते. थोरल्यांनी फ्रीज घेतला की लवकरच धाकट्यांच्या घरी त्याहून चार बोटं उंच फ्रीज येई, मग तो स्वयंपाकघराच्या दारातून आत जावो न जावो. थोरल्यांना चाळिशी लागली तेव्हा धाकट्यांची नजर अजून चांगली होती, याचं त्यांना बरेच दिवस वाईट वाटत होतं. त्यामुळे नकाशांच्या कचेरीतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेल्या थोरल्यांनी वाकड्या हँडलची, बोटाएवढ्या टायरची रेसची सायकल घेतली, तेव्हा विमा कचेरीत हेडक्लार्क असलेल्या धाकट्यांनी तशीच घेणं ओघानेच आलं. पोटाचा प्रश्न होता. म्हणजे उपजीविकेचा नव्हे, हँडलवर वाकल्यावर पोट ठेवायचं कुठे याचा.

दर रविवारी सकाळी दोघे टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जात. थोरले अंगाने चिपाड, पण दमाचे. ते नेहमी आधी पोचत आणि कठड्याला टेकून, घामाघूम होऊन येणाऱ्या धाकट्यांना म्हणत, “या साडूबुवा. मला वाटलं, तुम्ही परत गेलात.” दर रविवारी हेच वाक्य, याच सुरात. त्यावर धाकट्यांनी कितीतरी झणझणीत उत्तरं तयार ठेवली होती, पण ती द्यायला लागणारा श्वास वर पोचेपर्यंत शिल्लक राहत नसे.

मग थोरल्यांच्या हृदयाने दगा दिला. हॉस्पिटल झालं, तपासण्या झाल्या. ऑपरेशन झेपणार नाही, गोळ्यांवरच राहू, असं डॉक्टरांनी सांगितलं. “सायकल चालवा, पण बेताने. जोर लावायचा नाही.” थोरल्यांनी त्यातलं फक्त ‘सायकल चालवा’ एवढंच ऐकलं आणि जरा बरं वाटताच रविवारी हजर झाले. चढाच्या पहिल्याच वळणावर ते उतरले आणि बुटाची नाडी बांधू लागले. बांधली, सोडली, पुन्हा बांधली. “व्हा पुढे, आलोच,” म्हणाले.

धाकटे पुढे झाले. आयुष्यात पहिल्यांदा ते टाकीशी आधी पोचले, कठड्याला टेकले, आणि इतक्या वर्षांचं ते वाक्य परतफेडीसाठी जिभेवर घेऊन उभे राहिले. थोरले आलेच नाहीत. खाली येऊन पाहिलं तर वळणावर कोणी नव्हतं. संध्याकाळी धाकट्यांची बायको बहिणीशी बोलून फोन ठेवत म्हणाली, “भाऊजी सायकल विकून टाका म्हणतायत. गॅलरीत बसलेत सकाळपासून. जेवले पण नाहीत.”

धाकट्यांना खरं तर पेढे वाटावेसे वाटायला हवे होते. पण त्यांचाही घास फिरत राहिला. कचेरीत चाळीस माणसं त्यांना ‘साहेब’ म्हणत, बिल्डिंगमध्ये सगळे नमस्कार करत, पण ज्याच्यासाठी पहाटेचा गजर लावावा असा माणूस आपल्याला हा एकच आहे, हे त्यांना त्या दिवशी ताटावर बसून कळलं. आणि तो माणूस गॅलरीत बसून भिंतीकडे बघत होता.

उपाय त्यांना सायकलकडे बघताना सुचला. रेसच्या सायकलच्या मागच्या चाकाला एकच दातेरी चकती नसते. मडक्यांची असते तशी लहानापासून मोठीपर्यंत चकत्यांची उतरंड असते. तिला कॅसेट म्हणतात. खटका दाबला की साखळी एका चकतीवरून दुसरीवर जाते. चकती जितकी मोठी, तिला दाते जितके जास्त, तितका चढ हलका. थोरल्यांच्या सायकलला कॅसेट होती ती तरण्याबांड पोरांची. तिच्या जागी मोठ्या चकतीची कॅसेट गुपचूप बसवली, तर थोरले अलगद टाकीवर पोचतील आणि आपली ताकद परत आली असं समजतील. गुपचूप हे महत्त्वाचं. साडूने दया दाखवली असं कळलं असतं, तर थोरल्यांनी सायकलसकट स्वतःला भंगारात काढलं असतं.

पहिलं काम म्हणजे आत्ताच्या कॅसेटचं माप मिळवणं. थोरल्यांना विचारायची सोय नव्हती, म्हणून धाकट्यांनी आपल्या मेहुणीला, म्हणजे ताईंना फोन लावला.

“ताई, साडूबुवांची कॅसेट आहे ना, तिच्यावर बारीक आकडा असतो. तेवढा बघून सांगता? त्यांना कळू देऊ नका.”

“कुठली? पुष्कळ आहेत त्यांच्या.”

“पुष्कळ?” धाकटे खुर्चीतून उठलेच. थोरल्यांनी इतक्या कॅसेटी जमवल्या आणि आपल्याला पत्ता नाही.

“कपाटात खोकंभर आहेत. थांबा, स्टूल घेते.” बरीच खुडबूड झाली. “हं. साठ लिहिलंय. काहींवर नव्वद आहे.”

नव्वद दात्यांची चकती जेवणाच्या ताटाहून मोठी होईल. धाकट्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “ताई, आकडा राहू द्या. तुम्ही सरळ दातच मोजा.”

पलीकडे स्टूल करकरलं. “ह्यांचे?”

“हो, हो. सगळे.”

“खालचे सगळे आहेत हो,” ताई दबक्या आवाजात म्हणाल्या. “वरची कवळी आहे. पण भाऊजी, हे कोणाला ठाऊक नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?”

अर्ध्या तासात धाकट्यांची बायको समोर येऊन उभी राहिली. “ताई विचारतेय, तुमची तब्येत बरी आहे ना. गाण्यांच्या कॅसेटी काय मागता, लोकांचे दात काय मोजता.” एरवी थोरल्यांना कवळी आहे ही बातमी धाकट्यांना महिनाभर पुरली असती. त्या दिवशी मात्र हे आपल्याला कळायला नको होतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

शेवटी बायकोमार्फत निरोप गेला, की सायकल विकायचीच असेल तर आधी सर्व्हिसिंग करून विकावी, भाव चांगला येतो. थोरल्यांनी गॅलरीतूनच ‘न्या’ म्हटलं. सायकल धाकट्यांच्या हॉलमध्ये येऊन उभी राहिली आणि तिच्याबरोबर समोरच्या ब्लॉकमधले गृहस्थ आत आले. त्यांना सगळी बिल्डिंग ‘सर्वज्ञ’ म्हणते. जन्मात ते सायकलवर बसलेले नाहीत, त्यामुळे त्यांचं मत पूर्वग्रहाने दूषित नव्हतं.

“चकत्या किती आहेत आत्ता?” सर्वज्ञांनी विचारलं.

“दहा.”

“मग अकराची आणा. एक जास्त असलेली बरी. नडीअडीला उपयोगी पडते.”

धाकट्यांना हे पटलं. पटलं यात त्यांचाही दोष नाही; फायलींच्या बाबतीत ते स्वतः हेच म्हणत आले होते. अकरा चकत्यांची कॅसेट घरपोच आली. ती मागच्या चाकाच्या दांडीवर पूर्ण आत जाईना. शिवाय हँडलवरचा खटका दहाच चकत्यांपुरता होता, त्यामुळे गेली असती तरी अकरावी चकती नुसती शोभेची राहिली असती. परत पाठवायची म्हणून धाकट्यांनी ती टेबलावर ठेवली आणि ते कचेरीत गेले.

संध्याकाळी आले तर तिच्यावर आमटीचं पातेलं होतं.

“बरं झालं आणलंत,” बायको म्हणाली. “गरम भांड्याखाली ठेवायला केव्हापासून काहीतरी हवं होतं. दुसरी पण आणा, कुकरला.”

कंपनीने ती परत घेतली नाही. ‘वस्तू वापरलेली आढळली, वापराचा प्रकार समजला नाही’ असा शेरा मारून ती साभार परत आली. इतकी वर्षं लोकांच्या विम्याच्या दाव्यांवर असेच शेरे मारणाऱ्या धाकट्यांना पहिल्यांदाच, शेरा वाचणाऱ्याला कसं वाटतं ते समजलं. ती कॅसेट आजही त्यांच्या स्वयंपाकघरात आहे आणि कामाला चांगली आहे.

दुसरी कॅसेट त्यांनी दुकानातून, हातात घेऊन, चकत्या मोजून आणली. दहा होत्या. पण ती दुसऱ्या कंपनीची निघाली. तिच्या आतल्या खाचा आणि दांडीवरच्या खाचा एकमेकींचं तोंड बघायला तयार नव्हत्या. सर्वज्ञांनी साबण लावून पाहायला सांगितलं. साबण लावला. मग त्यांनी कॅसेट तापवायला सांगितलं, पण पहिल्या कॅसेटची हकीकत आठवून धाकट्यांनी ते टाळलं. दुसऱ्या दिवशी कचेरीतून परस्पर दुकानात जाता यावं म्हणून त्यांनी ती डब्याच्या पिशवीत घातली. कचेरीच्या दारातलं तपासणीचं यंत्र किंचाळलं. वॉचमनने पिशवीतून ते तेलकट, साबणाळलेलं, काटेरी चक्र दोन बोटांनी बाहेर काढलं, तेव्हा धाकट्यांच्या हाताखालची निम्मी मंडळी मागे रांगेत उभी होती.

“साहेब, हे काय आहे?”

“कॅसेट आहे.”

वॉचमनने ते उलटसुलट करून पाहिलं. “कॅसेट मी बघितलीय साहेब,” तो दुखावलेल्या आवाजात म्हणाला, आणि त्याने ते जप्त करून टेबलाखाली ठेवलं. दिवसभर कचेरीत कुजबुज चालली होती, की साहेबांचं बढतीवरून वरच्यांशी बिनसलंय आणि ते आज काहीतरी फेकून मारणार होते.

अशा धावपळीत रविवार येत होते आणि जात होते. दर रविवारी ताईंचा फोन येई. थोरले आता जिना चढताना मध्ये थांबतात. पेपर वाचता वाचता झोपतात. सायकलला गिऱ्हाईक मिळालं का, असं एकदा विचारलं. धाकटे प्रत्येक वेळी म्हणत, “बघतोय, बघतोय,” आणि फोन ठेवल्यावर हॉलमधल्या सायकलचं चाक एकदा फिरवून बघत.

अखेर दुकानदाराने माप घेऊन तिसरी कॅसेट दिली. चकत्या दहा, खाचा जुळणाऱ्या, आणि सगळ्यात मोठ्या चकतीला दाते छत्तीस. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने ती चाकावर चढवली. खट् करून जागेवर गेली. धाकट्यांनी मोठा श्वास सोडला.

“बसली साहेब,” मेकॅनिक म्हणाला. “पण चालणार नाही.”

“बसली तर चालणार का नाही?”

“तुमचं लग्न झालंय ना साहेब? बसणं वेगळं, चालणं वेगळं.” त्याने साखळी ओढून धरणारा मागचा लोंबता भाग दाखवला. “हा आखूड आहे. अठ्ठावीस दात्यांपर्यंत सांभाळून घेतो. छत्तीस म्हटलं की याचा छत्तीसचा आकडा. चकतीलाच घासतोय बघा.”

मग तो भाग लांब घेतला. त्याला साखळी आखूड पडू लागली, म्हणून साखळी घेतली. मेकॅनिकने नवी साखळी चुकीच्या बाजूने ओवली आणि अर्धा दिवस कॅसेटलाच नावं ठेवली. ती निस्तरली तेव्हा खटक्याची जुनी तार तुटली, ती बदलली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं झालं, आणि मसाल्याच्या यादीतलं प्रत्येक नाव बायकोला वेगळं समजावून सांगावं लागलं.

पण सायकल झाली, आणि फार सुंदर झाली. थोरल्यांना देण्याआधी धाकट्यांनी ती स्वतः टाकीवर नेऊन पाहिली. छत्तीसवर साखळी गेली आणि चढ पायाखाली मऊ झाला. कुठे खटखट नाही, घासणं नाही. धाकटे न थांबता वर पोचले आणि त्यांना बोलता येण्याइतका श्वास उरला होता. बोलायला कोणी नव्हतं. कठड्याशी उभं राहून त्यांनी मनाशी हिशेब केला, की मला इतकं सोपं जातं, तर त्यांना नक्की जमेल. आपण एवढ्या आशेने या आधी कशाची वाट पाहिली होती, ते त्यांना आठवेना.

थोरल्यांना तयार करायचं काम बहिणींनी केलं. विकायच्या आधी एकदा शेवटची चालवून बघा, असं ताईंनी म्हटलं आणि थोरले आले. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. त्यांनी सायकलला प्रदक्षिणा घातली, मागच्या चाकाशी वाकले, चष्मा सरकवून क्षणभर पाहिलं, आणि मोठ्या चकतीवरून बोट फिरवलं. धाकट्यांचा जीव टांगणीला लागला.

“सर्व्हिसिंग चांगलं झालंय,” एवढंच ते म्हणाले.

चढ सुरू झाला तसे धाकटे मुद्दाम मागे राहिले आणि मोठमोठ्याने धापा टाकू लागले. हा अभिनय त्यांना फारसा जड गेला नाही. पुढे थोरल्यांचे पाय भराभर फिरत होते आणि सायकल मुंगीच्या पावलांनी सरकत होती. भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी त्यांना मागे टाकून गेल्या. पहिलं वळण आलं. थोरले थांबले नाहीत. वळण मागे पडलं तेव्हा धाकट्यांना असा आनंद झाला की ते धापा टाकायचे विसरले. दुसरं वळण आलं, तेही गेलं. टाकी दिसू लागली.

आणि तिथे, रस्त्याच्या मधोमध, थोरल्यांचे पाय फिरायचे थांबले. त्यांनी एक पाय खाली टेकला. नाडीकडे वाकलेही नाहीत. धाकट्यांनी सायकल टाकली आणि धावत जाऊन त्यांना दंडाला धरून कडेच्या दगडावर बसवलं. दंड लहान मुलाच्या दंडाएवढा लागला हाताला. तोंड राखेसारखं झालं होतं. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. टाकी अगदी समोर होती, कठडासुद्धा दिसत होता.

“गिअर अडकतोय,” थोरले म्हणाले.

गिअर अडकत नव्हता. साखळी छत्तीसच्या चकतीवर कशी चपखल बसली होती ते इथूनही दिसत होतं. त्या कॅसेटसाठी धाकट्यांनी कचेरीत अब्रू घालवली होती, घरात शोभा करून घेतली होती, आणि ती शंभर टक्के बरोबर होती. आणि साडूसमोर चूक कबूल करणं त्यांनी आजवर एकदाही केलं नव्हतं.

“कॅसेट चुकली माझी,” ते म्हणाले. “मोठी बसवायला गेलो. काही जुळलं नाही.”

“तरीच.”

“हो. तरीच.”

“एक वस्तू धड आणता येत नाही तुम्हाला,” थोरले हळूच म्हणाले.

“नाही येत, साडूबुवा.”

ते चालतच उतरले. धाकट्यांनी दोन्ही बाजूंना एकेक सायकल धरली होती आणि दोन्ही पॅडल आळीपाळीने त्यांच्या नडग्यांवर आपटत होती.

धाकट्यांच्या घरी दोघी बहिणी वाट बघत होत्या, आणि काही कारण नसताना सर्वज्ञही आले होते. ताईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि त्या काही विचारणार इतक्यात धाकटेच म्हणाले, “नाही पोचलो. माझ्यामुळे. कॅसेट चुकीची आणली.”

मग काय, बांध फुटला. बायकोने पातेल्याखालच्या कॅसेटपासून सुरुवात केली. हॉलमधलं तेल, साबण, साखळी, तार, ताईला केलेला फोन, सगळं निघालं. “तीन तीन आणल्या, आणि शेवटची पण चुकीचीच,” ती म्हणाली. सर्वज्ञ म्हणाले, “मी अकराची सांगितली होती.” ताईसुद्धा हसल्या, कितीतरी दिवसांनी हसल्या. धाकटे खाली मान घालून उभे होते. ज्यांना सासुरवाडीला नुसता चहा थंड मिळाला तरी जावई म्हणून राग येई, ते स्वतःच मध्येमध्ये मान हलवून ‘बरोबर आहे’ म्हणत होते.

थोरल्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“हसू नका त्यांना. कॅसेट बरोबर आहे.”

“नाही, चुकीचीच आहे,” धाकटे घाईने म्हणाले.

“छत्तीस दाते आहेत. निघतानाच बघितले मी. जन्मभर नकाशे काढलेत, मला दाते मोजता येतात.”

“तुम्हाला काय कळतं कॅसेटमधलं? घासत होती ती.”

“घासत नव्हती. लोण्यासारखी चालत होती. मलाच जमलं नाही.” त्यांनी ताईंकडे पाहिलं. “याहून हलका गिअर नसतो गं. मला नाही जमत आता.”

ताई कप उचलायला म्हणून वाकल्या आणि कप न उचलताच आत गेल्या. त्यांच्या मागोमाग धाकटी बहीण गेली. सर्वज्ञांनाही जन्मात पहिल्यांदा सल्ला सुचेना आणि ते आपली चप्पल शोधू लागले.

“सायकल विकू नका,” थोरले म्हणाले. “तुम्ही वापरा. तुम्हाला चढावर फार दम लागतो, साडूबुवा. छत्तीसची गरज तुम्हालाच आहे.”

धाकट्यांकडे श्वास होता, आणि उत्तरंही होती. पण ते हॉलमध्येच उभ्या केलेल्या सायकलशी वाकले आणि चाकाकडे बघत राहिले. साखळी अजून मोठ्या चकतीवरच होती. उभी करताना ती लहान चकतीवर आणायची असते, असं मेकॅनिकने बजावून सांगितलं होतं. त्यांनी ती तशीच राहू दिली. मग ते थोरल्यांच्या शेजारी येऊन बसले, आणि जेवायची हाक येईपर्यंत दोघे साडू तिथेच बसून होते.